होल्डवरची चाल

यान तयार होतं. इंधन तयार होतं. न गंजणारी, न झिजणारी तबकडी मखमली पेटीत घालून तयार होती. फक्त त्या तबकडीवर काय भरायचं ते ठरत नव्हतं. बाकी सगळ्याची जय्यत तयारी झाली होती आणि घोडं अडलं होतं ते एकट्या मानवजातीचं.

ते अडलं होतं दळणवळण खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, एका लांबट सभागृहात. या सभागृहाला खिडक्या होत्या, पण कधीतरी रंग मारताना त्या चौकटींना चिकटल्या होत्या आणि तेव्हापासून उघडत नव्हत्या. योजना अशी होती, की ताऱ्यांच्या पलीकडे कुणी असलंच आणि त्याला कान असलेच, तर त्याने ही तबकडी ऐकावी आणि माणूस म्हणजे काय चीज आहे ते ओळखावं. त्यासाठी जगभरच्या संगीतातून निवड करायला समिती नेमली होती, आणि त्या समितीचे कार्यवाह होते पुटपुटे.

पुटपुटे हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते बोलायला लागले की ओठ हलायचे, मान डोलायची, पण शब्द काही समोरच्यापर्यंत पोचायचे नाहीत, म्हणून खात्यात कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की त्या खिडक्यांसारखंच पुन्हा निघालं नाही. शिपाई त्यांना तोंडावर ‘पुटपुटेसाहेब’ म्हणत असे आणि त्यांनाही त्यात वावगं वाटत नसे. निवृत्तीला थोडे महिने उरले होते. आयुष्यभर त्यांनी फायली वाचल्या होत्या, फावल्या वेळात पुस्तकं वाचली होती, आणि आपल्याला यातलं कितपत समजलं याची दोन्हीकडे सारखीच शंका बाळगली होती.

समितीचे काही सभासद सभागृहात बसत आणि बाकीचे देशोदेशीहून फोनवर असत. सभागृहात बसणारे तिघे. अध्यक्ष हे निवृत्त न्यायाधीश होते. कुणावर अन्याय होऊ नये म्हणून कुणालाच न्याय न देण्याची त्यांना जुनी सवय होती. दुसऱ्या प्राध्यापकबाई, यांनी लोकसंगीतावर जाडजाड ग्रंथ लिहिले होते आणि जे गाणं कुणालाही आवडतं ते अस्सल नसतं असं त्यांचं ठाम मत होतं. तिसरे जनरलसाहेब; हे समितीत का होते ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमतही कुणाला नव्हती.

नियम अध्यक्षांनी केला होता. एकाचीही हरकत आली की तुकडा बाद.

झालं! मग काय विचारता. ढोलाचा तुकडा लावला तर जनरलसाहेब म्हणाले, “हा चढाईचा ढोल आहे. पलीकडचे लोक याला युद्धाची घोषणा समजतील. आणि आपली तयारी नाही.” कोळ्यांचं गाणं लावलं तर फोनवरून एक गृहस्थ म्हणाले, “आमच्या देशाला समुद्रच नाही. हे मानवजातीचं कसं? हे किनारपट्टीचं झालं!” तेव्हापासून सगळे त्यांना ‘समुद्र नसलेले’ म्हणू लागले. अंगाई लावली तर अध्यक्षांनाच डुलकी लागली आणि जागे झाल्यावर त्यांनी ती या कारणासाठीच बाद केली. कापणीचं एक गाणं सगळ्यांना आवडेल असं वाटलं, तर ते आमचंच आहे आणि शेजाऱ्यांनी चोरलंय असा दोन देशांनी एकदमच दावा केला आणि दोन्ही फोन एकदमच आपटले.

शोकगीत मात्र सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. ते खरोखरच काळजाला हात घालणारं होतं. जनरलसाहेबांनी घसा खाकरला.

“आपण मरतो,” ते म्हणाले, “ही गोपनीय माहिती आहे.”

शोकगीत बाद झालं.

या सगळ्यात पुटपुट्यांचं काम म्हणजे टिपणं घेणं आणि फोनचं यंत्र सांभाळणं. खात्याची टेलिफोन ऑपरेटर निवृत्त झाल्यावर तिची जागा भरलीच नव्हती, म्हणून ते यंत्र त्यांच्या टेबलावर येऊन बसलं होतं. तुकडा लावला की सभागृहात तो आपोआप वाजे. पण फोनवाल्यांना ऐकू जावा म्हणून हिरवं बटण दाबावं लागे. हिरव्याच्या शेजारी तांबडं. ते दाबलं की फोनवाले होल्डवर, आणि यंत्रावरचे त्यांचे दिवे लुकलुकू लागत. सभागृहातल्या मंडळींना आपसांत सल्लामसलत करायची असली की अध्यक्ष बोट वर करत, पुटपुटे तांबडं बटण दाबत, आणि मग फोनवरच्यांपैकी सर्वांत त्रासदायक कोण आणि आज जेवणाची सुट्टी कधी यावर सल्लामसलत होई. ती रंगली की लवकर आटपत नसे. तोवर देशोदेशीचे सभासद कानाला रिसीव्हर लावून खात्याची होल्डवरची धून ऐकत बसत.

ही धून पुटपुट्यांच्या बायकोने केलेली होती.

त्याचीही एक गंमतच होती. पूर्वी खात्याच्या फोनवर थांबायला सांगितलं की नुसती शांतता असे. लोकांना वाटे लाइन तुटली, ते ओरडत. तेव्हाचे साहेब म्हणाले, “अहो पुटपुटे, तुमच्या मिसेस मुलांना पियानो शिकवतात ना? त्यांना म्हणावं, काहीतरी करून द्या. असं हवं, की ऐकून माणसाला फोन ठेवावासा वाटेल, पण तक्रार करता येणार नाही.” पुटपुट्यांनी भीतभीत घरी निरोप दिला. बायको आधी रागावली, मग हसली, आणि गॅसवर ठेवलेलं दूध वर यायच्या आत पाच सुरांची एक चाल करून मोकळी झाली. चार पावलं वर जायचं, जरा घुटमळायचं आणि गपचूप होतो तिथंच परत यायचं. कुणाचं भलं नाही, कुणाचं वाईट नाही. साहेबांनी मध्येमध्ये एका गोड आवाजात ‘कृपया थांबा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ एवढं घातलं आणि ती चाल जी चालू झाली ती आजतागायत. बाईंना स्वतःला कधी नवऱ्याला ऑफिसात फोन लावायची वेळ आली, तर त्या रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरत.

पण बाईंची आणखी एक चाल होती.

ती त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून केली नव्हती. एक विद्यार्थी गेल्यावर दुसरा यायच्या मधल्या वेळात त्या ती थोडी थोडी रचत. असं कितीक वर्षं चाललं होतं. पुटपुटे शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसत आणि पान न उलटता ऐकत. ते खोलीत आले की बाई थांबत आणि पियानोची धूळ पुसू लागत. म्हणून ते येतच नसत. मध्ये एका जागी डावा हात एकदम थांबे, उजवा एकटाच पुढे जाई, आणि त्या वेळी पुटपुटे पुस्तक मिटून ठेवत. याबद्दल ते कधीही काही बोलले नव्हते. काय बोलणार? आपल्याला संगीतातलं काय कळतं?

समिती नेमली गेली तेव्हा त्यांनी मनाचा हिय्या केला. “तुझी ती चाल,” ते म्हणाले, “म्हणजे ती जी… तू धूळ पुसतेस त्याच्या आधीची… ती द्यायची का समितीला?”

बाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. “तुम्ही ऐकता?”

“थोडी. भिंतीतून.”

“पुन्हा फोनवर लावणार असाल तर मुळीच द्यायची नाही. सांगून ठेवते.”

“नाही गं. आकाशात लावणार.”

नाव न घालता, नुसता नंबर टाकून तुकडे पाठवायचे, असा नियमच होता, त्यामुळे वशिल्याचा प्रश्न नव्हता. बाईंनी ती चाल ध्वनिमुद्रित करून दिली आणि त्या दिवसापासून पुटपुटे घरात शिरले की चप्पल काढायच्या आत पहिला प्रश्न येई, “आला का हो नंबर?” नाही म्हटलं की त्या “येईल, येईल” म्हणत; पण तवा जरा जोरात आपटला जाई.

आणि एका सकाळी नंबर आला.

पुटपुट्यांनी तो दोनदा ताडून पाहिला. टेप चालू केली. सभागृहात बायकोच्या पियानोचे पहिले सूर उमटले, ते त्यांनी भिंतीशिवाय असे पहिल्यांदाच ऐकले, आणि डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं झालं. त्याच धुक्यात त्यांनी बटण दाबलं.

नेमका त्याच वेळी चहा आला. कपबश्या वाजल्या. जनरलसाहेबांनी साखर कमी आहे म्हणून शिपायाला झापलं. प्राध्यापकबाई अध्यक्षांना आपल्या नव्या ग्रंथाच्या मुखपृष्ठाबद्दल सांगू लागल्या. डावा हात जिथं थांबतो ती जागा आली आणि गेली. कुणाचा चमचासुद्धा थांबला नाही. चाल संपली. फोनवाल्यांचं मत घ्यायचं म्हणून पुटपुट्यांनी हात यंत्राकडे नेला.

सगळे दिवे लुकलुकत होते. बटण तांबडं दाबलं गेलं होतं. फोनवाल्यांनी इतका वेळ जी ऐकली ती बायकोचीच चाल होती खरी, पण ती नव्हे. दुसरी.

ते “एक मिनिट” म्हणाले. म्हणजे ओठ हलले. तोवर बोट सवयीने हिरव्या बटणावर गेलं होतं आणि यंत्रातून एकदम गलका उसळला.

“वा!” समुद्र नसलेले म्हणाले. “अखेर काहीतरी समतोल! यात कुठंही पाणी नाही!”

“छान. आटोपशीर. पुढे चला,” दुसरे एक सभासद म्हणाले. हे नेहमी घाईत असत. “आमची हरकत नाही.”

“फार ओळखीचं वाटतं हो,” तिसऱ्या कुणाचा आवाज आला. “जणू आपण ही चाल किती वर्षं ऐकतोय. आणि गोल फिरून पुन्हा त्याच जागी येते. विश्वाचं चक्रच जणू!”

सर्वांत शेवटी फार लांबून, मध्ये बराच वेळ जाऊन, एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. या आजी कधीच काही बोलत नसत. “चालेल,” त्या थकल्यासारख्या म्हणाल्या.

अध्यक्षांचे डोळे विस्फारले. त्यांनी वाकून प्राध्यापकबाई आणि जनरलसाहेब यांच्या कानात सांगितलं, “एकमत होतंय! आता कृपा करून कुणी तोंड उघडू नका!” दोघांनी तोंडात बिस्किटं भरून माना हलवल्या. हातोडी आपटली गेली. मानवजातीचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते नेमकं कशावर झालंय हे एकट्या पुटपुट्यांना ठाऊक होतं.

“एक… म्हणजे जरा…” ते म्हणाले.

“पुटपुटे, पुढच्या बैठकीची तारीख लावा,” अध्यक्ष म्हणाले आणि जेवायला उठले.

घरी येताना पुटपुट्यांनी मनाशी पुष्कळ वाद घातला. बोललो नाही तर काय बिघडतं? त्या नंबराखाली तिची खरी चाल आहे. तबकडीवर तीच भरली जाईल. कुणाला कळायचं कारण नाही, पलीकडच्यांना तर नाहीच नाही. मग छातीत हे काय टोचतंय?

दार उघडायच्या आतच प्रश्न आला. “आला का हो नंबर?”

“आला,” पुटपुटे म्हणाले.

“मग?”

“एकमताने.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं. बाई मटकन पियानोच्या स्टुलावर बसल्या. मग उठल्या, आरशात न पाहताच केस सारखे केले आणि त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

“ताई, अगं झालं! हो! सगळ्यांनी हो म्हटलं, सगळ्या देशांनी!”

तिकडून ताई एवढ्या मोठ्याने बोलत होत्या, की पुटपुट्यांना खुर्चीत सगळं ऐकू येत होतं. “दे, भावोजींना दे आधी! काय हो भावोजी, जन्मात एक काम धड केलंत म्हणायचं! मी तर बाबांना तेव्हाच सांगितलं होतं, की मुलगा मुका वाटतो पण मनाने चांगला आहे!”

भावोजी “हं” म्हणाले. याहून जास्त काही बोलण्याची त्यांना लाज वाटली.

जेवायला बसल्यावर बाईंनी पोळी हातात धरली ती धरलीच. “आता नीट सांगा. काय काय म्हणाले? मधली जागा, जिथं डावा हात थांबतो, त्यावर कुणी काही बोललं?”

“त्यावर… तसं खास नाही.”

“मग आवडलं काय त्यांना?”

पुटपुट्यांना खोटं बोलता येत नसे. आवाज नसला तरी स्मरणशक्ती चोख होती. ते ताटाकडे पाहत म्हणाले, “समतोल आहे म्हणाले. आटोपशीर आहे. ओळखीची वाटते. आणि एक जण म्हणाले, गोल फिरून पुन्हा त्याच जागी येते. विश्वाचं चक्र जणू.”

बाईंनी पोळी खाली ठेवली.

“माझी चाल परत येत नाही,” त्या म्हणाल्या. “निघते ती जाते. परत येणारी एकच केली मी जन्मात.”

पुटपुट्यांनी सगळं सांगून टाकलं. धुकं, तांबडं बटण, चमचे, बिस्किटं, हातोडी. सांगताना त्यांना वाटत होतं, की आता ही रडेल. बाई हसायला लागल्या. आधी बारीक, मग खांदे हलवून, मग पदराने डोळे पुसत. हसणं थांबलं तरी डोळे पुसणं थांबलं नाही, तेव्हा पुटपुटे घाबरले.

“मी बोलतच नाही समितीत,” ते घाईने म्हणाले. “तुझीच जाईल. खरी. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल ना!” बाई म्हणाल्या. “न ऐकता दिलेला हो मला नको. नको म्हणू देत, हवं तर तोंडावर म्हणू देत. पण ऐकून नको म्हणू देत. एवढं कराल?”

“आणि ती दुसरी? फोनवरची?”

“ती पाठवा की! तिच्यावर हक्काचं एकमत आहे. आणि त्या मधल्या वाक्यासकट पाठवा म्हणावं. कुणी ऐकलंच तिकडे, तर निदान इतकं तरी कळेल, की आमच्याकडे फोन केला तर कुणी घेत नाही. उगाच वाट बघत बसायला नको बिचाऱ्यांना.”

ताट उचलताना पुटपुट्यांनी विचारलं, “तो डावा हात तिथं थांबतो का गं?”

“इतकी वर्षं भिंतीतून ऐकलंत, आज विचारताय?”

“वाटायचं, विचारलं तर तू वाजवायची थांबशील.”

“थांबले असते,” बाई म्हणाल्या, आणि उत्तर न देता स्वयंपाकघरात गेल्या.

पुढच्या बैठकीत पुटपुटे उभे राहिले. ही गोष्ट इतकी नवीन होती, की शिपाई ट्रे घेऊन दारातच थबकला. पुटपुटे बोलले, अध्यक्ष “काय?” म्हणाले, पुन्हा बोलले, जनरलसाहेब “मोठ्याने!” असे गरजले, आणि तिसऱ्या वेळी पुटपुट्यांच्या तोंडून असा आवाज निघाला, की त्यांचा त्यांनाच दचका बसला. चूक त्यांनी कबूल केली. दोन्ही चाली कुणाच्या तेही सांगितलं.

अध्यक्षांचा चेहरा पाहवत नव्हता. एवढ्या मुश्किलीने हाती आलेलं एकमत निसटतंय की काय, या भीतीने त्यांनी हातोडी छातीशी धरली होती.

“थांबा,” ते म्हणाले. “मत कशावर दिलं? जे ऐकलं त्यावर. ऐकलं काय? होल्डची धून. म्हणजे मंजूर झाली ती होल्डची धून. यात चूक कुठे आहे?”

“पण साहेब, ती लोकांनी फोन ठेवावा म्हणून केलेली आहे,” पुटपुटे म्हणाले.

“म्हणजेच ती लोकांसाठी केलेली आहे!” प्राध्यापकबाई एकदम उजळल्या. “अहो, हेच तर खरं लोकसंगीत! कोणत्या देशात माणूस थांबत नाही? ही थांबण्याची सामूहिक परंपरा आहे. मी यावर ग्रंथ लिहीन.”

“शिवाय यातून कोणतीच माहिती फुटत नाही,” जनरलसाहेब समाधानाने म्हणाले.

बायकोची अट पुटपुट्यांनी सांगितली, मधल्या वाक्याची. अध्यक्षांनी ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. “कृपया थांबा. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” त्यांनी हातोडी खाली ठेवली. “केवढी नम्रता! सगळ्या विश्वाला उद्देशून!” अट जशीच्या तशी मान्य झाली.

“आणि दुसरी चाल?” पुटपुटे अजून उभेच होते. “ती फोनवाल्यांनी ऐकलेली नाही. ऐकून काय ते म्हणावं, एवढंच.”

नाइलाजाने ती लावली गेली. या वेळी पुटपुट्यांनी हिरवं बटण चष्मा लावून, नीट पाहून दाबलं आणि चाल संपेपर्यंत बोट त्यावरून उचललं नाही.

“लांब आहे,” घाईवाले म्हणाले. “हरकत.”

“यात लाटा आहेत,” समुद्र नसलेले म्हणाले. “मला चक्क लाटा ऐकू आल्या. हरकत!”

“ऐकताना मला कसंतरीच झालं,” जनरलसाहेब म्हणाले. या वेळी चहा नसल्यामुळे त्यांना ऐकावंच लागलं होतं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. “हेही गोपनीयच ठेवलेलं बरं.”

हातोडी पडली. पुटपुट्यांनी ‘बाद’ असं लिहिलं. वाईट वाटलं, पण न ऐकता मिळालेल्या त्या खोट्या ‘हो’पेक्षा हे टोचणं कितीतरी हलकं होतं. ऐकून नको म्हणाले होते. तिला हे सांगता येणार होतं.

मग, मध्ये बराच वेळ जाऊन, तो लांबचा थकलेला आवाज आला.

“जरा पुन्हा लावता का?”

“आजी,” अध्यक्ष घड्याळाकडे पाहत म्हणाले, “बाद झालेला तुकडा पुन्हा लावायची नियमात तरतूद नाही. चहाची सुट्टी!” खुर्च्या सरकल्या, मंडळी गॅलरीत गेली. शिपाई ट्रे घेऊन त्यांच्या मागोमाग गेला.

सभागृहात पुटपुटे एकटेच उरले. यंत्रावर सगळे दिवे जळत होते. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्यांनी कुणी बोट वर केल्याशिवाय तांबडं बटण दाबलेलं नव्हतं. आज दाबलं. एक आजींची लाइन सोडून बाकी सारी मानवजात त्यांनी होल्डवर टाकली. मग टेप मागे नेली आणि चाल पहिल्यापासून लावली.

डावा हात थांबला. उजवा एकटा पुढे गेला. चाल संपली.

“त्या दिवशी मी ‘चालेल’ म्हणाले,” आजी म्हणाल्या, “ते थांबून थांबून कंटाळले होते म्हणून. हे तसं नाही. कोण वाजवतंय हो?”

“माझी बायको.”

“तिचा डावा हात तिथं का थांबतो?”

पुटपुट्यांनी यंत्रावरच्या एका मोकळ्या लाइनवर घरचा नंबर फिरवला.

“अहो, दूध ठेवलंय गॅसवर,” बाई म्हणाल्या. “पटकन बोला.”

“बाद झाली,” पुटपुटे म्हणाले. “ऐकून. पण एक आजी आहेत, लांबच्या. त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. त्या विचारतायत, डावा हात तिथं का थांबतो.”

तिकडे गॅस बंद केल्याचा खट्ट असा आवाज आला.

“द्या त्यांना,” बाई म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही लाइनी जोडल्या. “त्याचं असं आहे आजी…” एवढं कानावर आलं आणि पुटपुट्यांनी रिसीव्हर हलकेच टेबलावर ठेवला. इतकी वर्षं भिंतीतून चोरून ऐकलं होतं, आता पुरे. तिने आपण होऊन सांगितलं तर संध्याकाळी ऐकू.

अध्यक्ष बिस्किट चावत आत आले. “काय पुटपुटे, करायची का सुरुवात? फोनवाले कुठे आहेत?”

“होल्डवर आहेत,” पुटपुटे म्हणाले. एका दमात आणि स्पष्ट.

“कंटाळले नसतील ना?”

पुटपुट्यांनी यंत्राकडे पाहिलं. सगळे दिवे लुकलुकत होते. फक्त दोन, शेजारी शेजारी, स्थिर जळत होते.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “त्यांच्या आवडीची चाल आहे. थांबतील.”